पावसाळ्यात न फुटणारे भाजीचे वाफे: चिरा, वीट, बांबू, पत्रा की लाकूड?

मागच्या दाराशी चहा घेऊन उभा होतो आणि माझ्या डोळ्यासमोर वाफा फुटला. आवाज वगैरे काही नाही, जुलैची झड लागलेली, चौथा की पाचवा दिवस, आणि समोरची फळी अगदी सावकाश पुढे झुकली आणि तिच्यामागून भेंडीच्या सहा रोपांसकट सगळी माती परसात पसरली. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातला खुंट उपटून बघितला. वरचा भाग ठणठणीत, मातीत खोल गाडलेलं टोकसुद्धा बऱ्यापैकी घट्ट, पण मधे जिथे माती संपते आणि हवा सुरू होते तिथलं चार बोटं लाकूड भिजलेल्या पावासारखं झालेलं, स्क्रू ड्रायव्हर न दाबताच आत गेला. त्या चार बोटांवरून मला जे कळलं ते नंतरच्या सगळ्या वाफ्यांना उपयोगी पडलं म्हणून हे लिहायला घेतलंय.

आमचं घर राजापूर तालुक्यात, समुद्र सरळ रेषेत सात-आठ किलोमीटर. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळपास सगळा जून ते सप्टेंबर. तीन हजार मिलिमीटर म्हणजे किती ते पटकन डोळ्यासमोर येत नाही, म्हणून हिशोब करून बघा, दहा फूट बाय चार फुटाचा एक वाफा धरला तर त्याच्यावर अख्ख्या पावसाळ्यात अकरा हजार लिटर पाणी पडतं, म्हणजे एक मोठा टँकर त्या एका वाफ्यावर ओतल्यासारखं. जोराचा दिवस असला, शंभर मिलिमीटरचा, तर एका दिवसात पावणेचारशे लिटर. आणि खाली कातळ असला की हे पाणी जिरायला जागा नाही, ते तुंबतं, मुळांना हवा मिळत नाही आणि मिरची-वांग्याची रोपं भर पावसात पाण्याअभावी सुकल्यासारखी माना टाकतात. म्हणून वाफा उचलून घ्यायचा, बाकी त्यात काही फॅशन नाही. भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, गादीवाफ्यावर करतात तेही ह्याच कारणाने.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना गरज नाही त्यांचा वेळ वाचेल. नुसता मातीचा गादीवाफा, कडेला काहीही न लावता, वीतभर उंच, कडा तिरक्या ठेवून आणि त्यावर पेंढा किंवा झावळ्या टाकून, एक सीझन व्यवस्थित चालतो. ज्याला दर वर्षी मे महिन्यात फावडं मारायचा कंटाळा नाही त्याने कडेच्या मटेरियलवर एक रुपया घालवू नये. प्रश्न येतो तो वाफा फूट-दीड फूट उंच पाहिजे असेल, किंवा कंबर वाकत नसेल, किंवा जागा उताराची असेल तेव्हा. उंची वाढली की वजन वाढतं. दहा बाय चारचा दीड फूट भरलेला वाफा म्हणजे साठ घनफूट माती, आणि ती पाणी पिऊन बसली की तीन टनांच्या आसपास जाते. हे तीन टन चारही बाजूंना ढकलत असतात. आपण कड लावतो ती मुळात ह्या ढकलण्याला अडवायला, आणि दुकानात मात्र आपण बघतो की रंग कसा दिसतो.

आता त्या चार बोटांबद्दल. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला दोन्ही लागतं, ओल आणि हवा. कोरडं ठेवलं तर कुजत नाही, पूर्ण पाण्यात बुडवून ठेवलं तरी कुजत नाही, म्हणूनच जुन्या विहिरींच्या तळाशी घातलेलं जांभळाचं लाकूड पिढ्यानपिढ्या टिकलेलं सापडतं. कुजतं ते मधल्या पट्ट्यात, जिथे माती ओल देते आणि वरून हवा मिळते. लोखंडाचंही तसंच, गंज सगळ्यात जास्त त्याच रेषेला. त्यामुळे कुठलंही मटेरियल घ्यायला गेलात की दुकानदाराला ‘किती वर्षं टिकेल’ असं विचारू नका, तो दहा म्हणणार, त्याचं काय जातंय. त्यापेक्षा स्वतःला विचारा की ओली माती, हवा आणि हे मटेरियल असं तिन्ही जिथे भेटतं तिथे ह्याचं काय होईल, आणि आत साचलेलं पाणी ह्याच्यातून बाहेर कसं जाईल. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण मी सिमेंटने घट्ट बांधलेले वाफेसुद्धा फुटलेले बघितलेत.

माझं मत विचाराल तर कोकणात पहिला नंबर जांभ्या चिऱ्याचा, म्हणजे जांभा दगडाच्या कापलेल्या ठोकळ्याचा, आणि तोही सिमेंट न लावता, गडग्यासारखा सुका रचलेला. ह्यात माझी अक्कल काही नाही, आपल्याकडे शेताच्या बांधाला, आगराच्या कुंपणाला शेकडो वर्षं गडगेच घालतायत. गडग्याला सांधे उघडे असतात, पाणी प्रत्येक फटीतून झिरपून जातं, मागे दाब साठतच नाही. जांभ्याची गंमत अशी की तो खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो, आणि उघड्यावर हवा-पाणी खाऊन कडक होतो, कारण त्यात लोह भरपूर. १८०७ साली फ्रान्सिस बुकाननने मलबारातला हा दगड बघून त्याला लॅटराइट नाव दिलं ते लॅटिनमधल्या वीट ह्या शब्दावरून, कारण तिथले लोक तो विटेसारखा कापून वापरत होते. म्हणजे भिजणं-वाळणं ह्याने बाकीची मटेरियलं म्हातारी होतात आणि हा उलट घट्ट होतो.

पण सगळे चिरे सारखे नसतात. ट्रकवाला चिरे उतरवतो तेव्हा उभं राहून बघा. चांगला चिरा हातोडीने किंवा कोयत्याच्या पाठीने ठोकला की टण वाजतो, खराब वाजतो बद. पिवळ्या-पांढऱ्या चिकणमातीचे मोठे डाग असलेला चिरा बाजूला काढा, पहिल्या दोन पावसात ती माती धुऊन जाते आणि चिऱ्याला भगदाडं पडतात. शंका असेल तर एक चिरा रात्रभर पाण्यात बुडवा, सकाळी ओला असतानाच खिळ्याने कोपरा खरवडा, नुसती लाल पावडर निघाली तर ठीक, कोपराच ढासळून हातात आला तर तो लॉट परत करा. आणि कुणाचं जुनं घर पाडतायत असं कळलं तर धावत जा, त्या भिंतीतले चिरे पन्नास-साठ पावसाळे काढलेले असतात, जो फुटायचा तो कधीच फुटून गेलेला असतो. चुन्याचा गिलावा चिकटलेला असला तरी चालतो, आपली माती आंबटच, तिला चुना चालतो.

चिऱ्याचं माप गावागणिक बदलतं, आमच्याकडे साधारण सव्वा फूट लांब, पाऊण फूट रुंद, सात इंच जाड. दहा बाय चारचा वाफा तीन थरांनी रचायचा तर पंच्याहत्तर ते ऐंशी चिरे लागतात, फुटणारे धरून. एक चिरा तीस-पस्तीस किलोचा, तेव्हा कुणीतरी सोबतीला घ्या, मी एकट्याने बावीस उचलले आणि मग चार दिवस झोपून होतो. रचायची पद्धत साधी आहे, आधी गवत आणि भुसभुशीत माती काढून चार इंच खोल चर मारायचा, पहिला थर त्या चरात बसवायचा, लेव्हलला वेळ घालवायचा तो इथेच, वरचे थर आपोआप नीट बसतात. प्रत्येक थराला सांधा मोडायचा, म्हणजे खालच्या दोन चिऱ्यांच्या सांध्यावर वरचा चिरा. आणि भिंत किंचित आत झुकती ठेवायची, फुटाला इंचभर पुरे, मग माती ढकलते तेव्हा भिंत तिच्यावर रेलून उभी राहते. दोन फुटांपेक्षा जास्त उंच मात्र सुकं रचू नका. कमी उंची चालत असेल तर चिरा उभा करून चार इंच गाडला की वर जवळपास फूटभर कड मिळते आणि चाळीसेक चिऱ्यांत काम होतं. माझे दोन वाफे असेच आहेत, मुळा आणि लाल माठाला तेवढं बास.

ह्याचा तोटाही सांगायला हवा. फटींमधे फुरसं, म्हणजे छोटा पण जहाल विषारी साप, बसतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या माणसाला फुरशाबद्दल वेगळं सांगायला नको, पण शहरातून येऊन हौसेने बाग करणाऱ्यांना सांगायला हवं. बाहेरच्या बाजूच्या मोठ्या फटी चिऱ्याच्या कपऱ्या ठोकून बंद करा, वाफ्याला लागून गवत वाढू देऊ नका, संध्याकाळनंतर भाजी तोडायला जाल तर बॅटरी घेऊन जा, आणि फटीत बोट घालून तण उपटू नका, ते खुरप्यानेच. गोगलगायीही तिथेच लपतात, पण त्या निदान चावत नाहीत, फक्त कोबी खातात.

घाटावर, पुण्या-साताऱ्याकडे किंवा देशावर जिथे चिरा येत नाही आणि आणायचा म्हटलं तर गाडीभाडंच चिऱ्याच्या वर जातं, तिथे हट्ट करू नका, तिथला काळा दगड त्याच पद्धतीने रचा. अनघड काळा दगड रचायला कसब लागतं हे खरं, पण कुजणं-गंजणं हा प्रश्नच मिटतो.

वीट वापरायची तर भाजलेली बघून घ्या. पिवळट, फिकी, नखाने खरवडली तर पावडर देणारी वीट पावसात विरघळते, अक्षरशः विरघळते, ऑगस्टमधे तिथे लाल चिखल असतो. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की काशासारखा आवाज यायला हवा. दुसरी टेस्ट घरच्या वजनकाट्यावर होते, कोरडी वीट तोला, चोवीस तास बादलीत बुडवा, परत तोला, साध्या विटेने स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिता कामा नये असं भारतीय मानकात आहे. म्हणजे तीन किलोची वीट सहाशे ग्रॅमपेक्षा जास्त फुगली तर नको. वीट सुकी रचून उभी राहत नाही, सिमेंट लागतंच, आणि इथेच लोक चुकतात. गवंडी सवयीने घट्ट बांधणार, आतून प्लास्टरही करून देणार, आणि तुमचा वाफा म्हणजे टाकी झाली. माझ्या चुलत्यांच्या वाफ्याचं हेच झालं, पहिल्या जुलैत आत पाणी, दुसऱ्या जुलैत भिंतीला उभी चीर. त्याला तळाच्या थरात दर दोन फुटांवर एक उभा सांधा मोकळा सोडायचा किंवा अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे बाहेरच्या बाजूला उतार देऊन घालायचे, आतल्या तोंडाशी मूठभर खडी, नाहीतर माती बसून पाइप बुजतो. गवंड्याला हे बांधायच्या आधी सांगा, नंतर भोकं पाडायला तो येत नाही.

सिमेंटचे ब्लॉक, पोकळ किंवा भरीव, चांगले टिकतात, आणि ताज्या सिमेंटमधून थोडा चुना उतरतो तो आपल्या आंबट मातीला त्रास देत नाही. पोकळ ब्लॉकच्या भोकांत माती भरून झेंडू लावता येतो. पांढरे हलके एएसी ब्लॉक मात्र घेऊ नका, ते भिंतीत प्लास्टरच्या आड ठीक असतात, उघड्यावर ओल्या मातीला लागून ठेवले तर पाणी पीत राहतात, कोपरे झडतात. कुंपणाचे सिमेंटचे पोल आडवे टाकून कड करायची आयडिया बऱ्याच जणांना येते, ती वाईट नाही, फक्त समुद्राजवळ सळीवर सिमेंटचा थर कमी असलेला स्वस्त पोल घेतला तर खारी हवा आत शिरते, सळी गंजून फुगते आणि पोल लांबीला तडकतो. पोल विकत घेताना टोकाकडून बघा, सळी कडेला आलेली दिसली तर नको.

कडप्पा फरशीचे उरलेले तुकडे कुणाच्या किचनच्या कामातून मिळाले तर सोडू नका. दोन फुटी तुकडा आठ-नऊ इंच गाडून उभा केला की वर सव्वा फूट कड. पातळ असल्याने वाफ्याची जागा खात नाही. शहाबादीचे पदर सुटतात, कडप्पा त्या मानाने बरा.

लाकडावर येऊया, कारण इंटरनेटवरचे सगळे सुंदर फोटो लाकडाचेच असतात. ते फोटो ज्या देशांतले असतात तिथे वर्षभरात पडतो तेवढा पाऊस आपल्याकडे काही आठवड्यांत होतो आणि तिथली वाळवी आपल्या वाळवीसारखी नसते. तरी करायचंच असेल तर गाभ्याचं लाकूड घ्या, सागाचा गाभा किंवा खैर. कुठल्याही झाडाचं बाहेरचं पांढरट लाकूड वाळवीचं जेवण, मग ते सागाचं का असेना. आंबा, सावर, शिवरी, पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन हे एक पावसाळा काढतात, दुसऱ्यात माझ्या भेंडीसारखं होतं. जुने दरवाजे-खिडक्यांच्या चौकटी भंगारात मिळतात त्या बहुतेक सागाच्या किंवा किंजळीच्या, त्या छान, पण त्यावरचा जुना ऑइलपेंट खरवडून मातीत पाडू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं, असली रंगवलेली चौकट भाजीला नकोच. आणि स्वतःच्या जागेतलं झाड तोडून फळ्या काढायचा विचार असेल तर साग, खैर, जांभूळ अशा झाडांना महाराष्ट्रात १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते हे लक्षात असू द्या.

लाकूड टिकवायचं तर खुंट मातीत गाडायचा नाही. खुंटाखाली चिरा किंवा सिमेंटचा तुकडा, फळीच्या खाली खडीचा थर, म्हणजे ती मधली चार बोटं ओलीत राहणार नाहीत. आत मातीकडे प्लास्टिक लावतात तेही अर्धवट लावलं की नुकसानच, प्लास्टिक आणि फळीच्या मधे पाणी शिरतं आणि वाळत नाही. लावायचंच तर फक्त बाजूंना, तळाला कधीच नाही, आणि वरची कड आत दुमडून. मी आता लावत नाही.

खिळ्यांबद्दल दोन शब्द. साधा खिळा दोन पावसाळ्यांत गंजून बारीक होतो आणि फळी शाबूत असताना सांधा सुटतो. खाडी-समुद्राजवळ स्टेनलेसचे स्क्रू घ्या, ३१६ ग्रेडचे मिळाले तर उत्तम, ३०४ सुद्धा साध्यापेक्षा खूप बरे.

लोक लाकडाला काय काय फासतात त्याबद्दल जरा रागाने लिहावं लागेल. गॅरेजमधलं काळं जळकं ऑइल कुंपणाच्या खुंटाला लावा हो, भाजीच्या वाफ्याला नाही, त्यात इंजिनातले धातू आणि काय काय उतरलेलं असतं आणि पावसात ते सगळं तुमच्या माठाच्या मुळाशी जातं. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर दिसायला दणकट आणि टिकतातही, पण ते क्रिओसोट नावाच्या डांबरी तेलात मुरवलेले असतात, तो वास येतो तोच, भाजीजवळ नको. हिरवट रंगाचं ट्रीटेड लाकूड मिळतं त्यात काय आहे ते विचारा, तांबं-क्रोमियम-आर्सेनिकवालं असेल तर सरळ नाही म्हणा, अमेरिकेत घरगुती वापरासाठी ते २००३ च्या अखेरीस कंपन्यांनीच बंद केलं. आपल्याकडचं काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना लावतात, वाळवी दूर ठेवतं हे खरं, पण ते कातडी भाजतं, हातमोज्यांशिवाय हात लावू नका, आणि लावलंच तर बाहेरच्या बाजूने आणि महिनाभर आधी उन्हात पूर्ण सुकवून.

बांबूचं माझं मत लोकांना आवडत नाही. आमच्याकडे मानगा मुबलक, फुकटात मिळतो, आणि कारवीच्या कुडासारखं विणून कड केली की दिसते इतकी सुंदर की काय सांगू. पण ओल्या मातीला लागलेला कच्चा बांबू एक ते दोन वर्षं, बास. तीन वर्षांची जून काठी घेतली, थंडीत तोडली, महिनाभर वाहत्या पाण्यात किंवा तळ्यात बुडवून ठेवली तर त्यातला स्टार्च उतरतो आणि भुंगा कमी लागतो, अमावस्येला तोडायची रीत आहे तीही पाळा हवं तर. पण भुंगा वेगळा आणि कुजणं वेगळं. बोरॅक्स-बोरिकचं ट्रीटमेंट छपराखालच्या बांबूला मस्त, मातीत मात्र पाऊस ते धुऊन नेतो. त्यामुळे बांबू वापरा, पण दर दुसऱ्या मे महिन्यात बदलायचाय असं धरून. पोफळीच्या रिपांचं तेच, पडवळ-दोडक्याच्या मांडवाला त्यांच्यासारखं काही नाही, मातीला लावू नका. माडाचा ओंडका आडवा टाकला तर बाहेरून कठीण असतो पण आतला गाभा स्पंजसारखा, दोन-तीन वर्षांत नळी होते आणि त्यात घुशी राहायला येतात.

पत्र्याचे वाफे हल्ली खूप दिसतात, ऑनलाइन किट मिळतात, चार स्क्रू की झालं. देशावर मी त्यांना नाव ठेवणार नाही. समुद्राकाठी मात्र जस्ताचा थर खारी हवा खाते आणि आपली आंबट माती आतून खाते, दोन्हीकडून. घ्यायचाच तर रंगीत कोटिंगवाला, अर्धा मिलिमीटर जाडीचा, आणि कापलेली कड मातीत जाणार नाही असा, कारण गंज कापलेल्या कडेपासून आणि स्क्रूच्या भोकापासून सुरू होतो. लांब बाजूला मधे आडवा ताण, सळी किंवा पट्टी, नसेल तर ओल्या मातीने पत्रा पोट काढतो. प्लास्टिक मिसळलेल्या डब्ल्यूपीसी फळ्याही अशाच वाकतात, दर दोन फुटाला आधार द्या. एचडीपीईच्या ग्रो बॅग गच्चीवर आणि भाड्याच्या घरात सोयीच्या, जाड, यूव्हीवाल्या घ्या, शिवणीकडून उसवतात. निळी पिंपं कापून होतात पण आधी त्यात काय होतं ते विचारा, केमिकलचं पिंप असेल आणि विकणारा ‘धुऊन दिलंय’ म्हणाला तरी नको.

सिमेंटचे जुने पत्रे, म्हणजे ॲस्बेस्टॉसचे, वादळात उडालेले, फुटलेले, परसात पडून असतात आणि अगदी मापाचे वाटतात. त्यांना कापू नका, फोडू नका, वाफ्याला लावू नका, त्याचे तंतू श्वासातून फुफ्फुसात जातात. गाडीचे टायर पण नको, टायरच्या पोकळीत पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

आता मटेरियल कितीही भारी आणलं तरी जागा चुकली तर उपयोग नाही. सगळ्यात वाईट जागा म्हणजे पागोळीखाली. अर्ध्या छपराचं पाणी एका ओळीत पडतं, तो मार चिरासुद्धा सहन करत नाही, माती तर उडतेच, आणि उडालेले चिखलाचे शिंतोडे पानांवर बसले की करपा आलाच. भिंतीपासून निदान चार-पाच फूट लांब. वाफ्याच्या भोवती वीतभर खोल चर, त्याला उताराकडे तोंड, आणि हा चर दर पंधरा दिवसांनी मोकळा करायचा, पातेरा अडकतो. वाफ्याच्या तळाला खडीचा थर घालायचा सल्ला सगळीकडे मिळतो, मीही एकदा घातला. माती भरभरून ओली झाल्याशिवाय पाणी खडीत उतरतच नाही, वर मुळांपाशी तसंच धरून राहतं, म्हणजे उंची फुकट गेली. त्यापेक्षा तळ पहारीने सैल करा आणि माती जमिनीला थेट टेकू द्या. कातळच असेल तर तळाला नारळाची सोडणं उपडी घालून वर माती, ती कुजेपर्यंत दोन-तीन वर्षं जातात, तोवर माती भुसभुशीत राहते.

रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नको, दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, एकदा का पावसात वाफ्यावर पाय दिला की ती माती दगड होते. काम करायचं ते अक्षय तृतीयेच्या आसपास. चिरे रचून, लाल माती, कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा भरून ठेवायचं, काठोकाठ नाही तर काठाच्या वर ढीग करून, कारण मृगाचे पहिले पाऊस झाले की माती वीतभर खाली बसते. ती बसल्यावर परत भर घालून मगच रोपं लावायची. घाई करून आधी लावली की रोपंही मातीबरोबर खाली जातात आणि त्यांच्याभोवती पाण्याची वाटी तयार होते. पृष्ठभाग झावळीने झाकला की शिंतोडे उडत नाहीत.

सहा वाफे झालेत आता, चार चिऱ्याचे, एक कडप्प्याचा, एक बांबूचा कारण आईला तो दिसायला आवडतो, दर दोन वर्षांनी मी मुकाट्याने बदलतो. जिथे तो फळ्यांचा वाफा फुटला होता तिथे नवीन काही बांधलं नाही. ती जागा पाणथळच आहे, न्हाणीचं पाणी पण तिकडेच जातं. तिथे अळू लावलंय.